नऊ आण्यांचं पुस्तक, पानभर चरित्र

१८८१ साली सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. आरोप होता, पोटच्या अर्भकाचा जीव घेतल्याचा. तिचं नाव विजयालक्ष्मी. सुरतेच्या कोर्टाने फाशी सुनावली, प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेलं आणि फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. कुणी बालविवाहाला आणि लादलेल्या वैधव्याला दोष दिला, कुणी बायकांच्या वागण्याला. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ने तर समस्त स्त्रीजातीलाच धारेवर धरलं. हे सगळं तिकडे वऱ्हाडात, बुलढाण्याला, मराठा घरातली एक बाई वाचत होती.

पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक आलं. ‘स्त्रीपुरुषतुलना’. लेखिका ताराबाई शिंदे, छापखाना पुण्याचा श्री शिवाजी, प्रती ५००, किंमत नऊ आणे. सगळ्या प्रती रोख खपल्या असत्या, तरी गल्ल्यात २८१ रुपये ४ आणे जमले असते. बायकांच्या माथी जे जे दुर्गुण मारले जातात ते एकेक उचलून, हे पुरुषांत नाहीत काय, असा रोखठोक सवाल करणारा हा निबंध. सावित्री नवऱ्याचे प्राण आणायला यमाच्या दारी गेली. बायकोसाठी यमाकडे निदान अर्ध्या वाटेपर्यंत गेलेला नवरा कुणी ऐकला आहे का, अशा तऱ्हेचे खोचक प्रश्न त्यात जागोजाग आहेत. मराठीत त्याआधी बाईने असं लिहिलं नव्हतं. नंतरही बराच काळ लिहिलं नाही.

आणि मग शांतता. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. पत्रं नाहीत, रोजनिशी नाही, आत्मवृत्त नाही, सभेत केलेलं भाषण नाही. त्याच १८८२ साली पुण्यात पंडिता रमाबाई होत्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ छापलं. त्यांच्या पत्रव्यवहाराने पुढे खंड भरला. रमाबाईंचं चरित्र लिहिणाऱ्याची अडचण अशी की कागद फार आहेत. ताराबाईंचं चरित्र लिहायला बसलेल्याला पहिलं पान भरतानाच धाप लागते.

तरीही आज कोणत्याही संदर्भग्रंथात ताराबाईंची नोंद सापडते: जन्म १८५०, बुलढाणा, मृत्यू १९१०, वडील बापूजी हरि शिंदे, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क, चार भावांत एकुलती एक बहीण, मराठी, संस्कृत आणि इंग्रजीचं शिक्षण घरीच, वडिलांकडून, लहानपणी लग्न, नवरा घरजावई. आठ-दहा ओळींचा हा मजकूर वाचताना तो एकाच ताग्यातून कापलेला वाटतो. प्रत्यक्षात त्यातली एकेक ओळ वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेली आहे. काही ओळी त्या काळच्या कागदावर उभ्या आहेत, तर काही पाऊणशे वर्षांनंतर आठवून सांगितलेल्या गोष्टींवर. अल्पज्ञात माणसाच्या इतिहासाचं सगळं काम या दोन जातींच्या ओळी वेगळ्या काढण्याचं आहे, आणि ते निवडण-टिपणासारखंच कंटाळवाणं आहे.

सगळ्यात भक्कम ओळ म्हणजे पुस्तकच. मुखपृष्ठावर नाव, गाव, साल, छापखाना. पण एकट्या मुखपृष्ठावर विसंबू नये. एकोणिसाव्या शतकात टोपणनावाने, दुसऱ्याच्या नावाने, क्वचित बायकोच्या नावानेही पुस्तकं निघत. म्हणून दुसरा, स्वतंत्र कागद हवा. तो मिळवून दिला इंग्रज सरकारच्या संशयी स्वभावाने.

१८५७चा धक्का बसल्यावर देशी भाषांत काय छापलं जातं याची सरकारला धास्ती वाटू लागली. १८६७ साली २५वा कायदा झाला, छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा. छापून झाल्यावर महिन्याभरात प्रती सरकारात जमा करायच्या आणि सरकारने दर तीन महिन्यांनी त्यांची यादी प्रसिद्ध करायची. कायद्याच्या अठराव्या कलमात यादीतले रकाने ठरवून दिले होते. पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छापण्याचं ठिकाण, छापणाऱ्याचं नाव, प्रसिद्धीची तारीख, पानं, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळेवर छापलं की खिळ्यांवर, किंमत, आणि हक्क कुणाकडे. कारकुनाने हे रकाने निमूट भरले. आज मराठी पुस्तकांच्या इतिहासात ‘प्रती ५००, किंमत नऊ आणे’ असं छातीठोकपणे लिहिता येतं ते अशा रकान्यांच्या जोरावर. कारकुनाला ताराबाई थोर वाटल्या म्हणून त्याने लिहिलं नाही, आणि म्हणूनच त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवता येतो. तिच्याबद्दल खोटं बोलण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

वर्तमानपत्रांचंही तेच. त्या काळच्या कित्येक मराठी पत्रांचे अंक आज मिळत नाहीत. वाळवी, पाऊस आणि रद्दीवाला यांनी ते संपवले. पण मुंबई सरकारचा देशी पत्रांवर पाळत ठेवणारा अनुवादक दर आठवड्याला त्यांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा करून वरिष्ठांना देत असे. हे साप्ताहिक अहवाल १८६८पासून आहेत. मूळ अंक हरवला, तरी त्याने सरकारला कुठे खाजवलं ते राहिलं. अभ्यासकाने एवढं लक्षात ठेवायचं की गोषवारा हा पहारेकऱ्याचा आहे. त्याला जे टोचलं तेच त्याने टिपलं. घरगुती विषयावरचा एखादा चांगला लेख त्याने तसाच सोडून दिलेला असू शकतो, त्यामुळे अहवालात नाही म्हणजे अंकातही नव्हतं, असं होत नाही.

ताराबाईंच्या बाबतीत तिसरा साक्षीदार सरकारबाहेरचा आहे, आणि तो साधासुधा नाही. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं. पहिल्या अंकात रमाबाईंच्या धर्मांतरावरून उठलेल्या गदारोळात त्यांची बाजू घेतली. दुसऱ्या अंकात ताराबाईंचा उल्लेख आला. घरच्या मुलीबद्दल बोलावं तशा मायेने जोतीरावांनी तो केला आणि आपल्या सहकाऱ्यांना तिच्या पुस्तकाची शिफारस केली. त्या पुस्तकाला नावं ठेवणाऱ्यांत त्यांच्या गोटातले लोकही होते. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची भाषा बोलणाऱ्यांनाही घरातल्या बाईने पुरुषांचा हिशोब मांडलेला सोसला नाही, यात नवल नाही. इतिहासाचा फायदा मात्र झाला. पुस्तक निघालं, मुकाट वाचलं गेलं आणि सगळ्यांनी मान डोलावली असती, तर फुल्यांना लिहायची गरजच पडली नसती. टीका झाली म्हणून ताराबाई कागदावर दुसऱ्यांदा उमटल्या.

त्यानंतर नव्वद वर्षं जवळपास कुणी नाव काढलं नाही. १९७५मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापलं. प्रकाशक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, हा एक योग. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: धनंजय कीर यांच्यासह फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित करणारे, १९६९ची पहिली आवृत्ती काढणारे संपादक हेच मालशे. फुल्यांच्या लिखाणाशी ज्याची इतकी घसट होती, त्याच्याच हातून ताराबाई बाहेर याव्यात हे सरळ आहे. विस्मरणात गेलेली माणसं बहुधा अशीच सापडतात. त्यांच्यावर संशोधन करायला निघालेल्याला नव्हे, तर शेजारच्या मोठ्या माणसाच्या कागदांतून रोज जाणाऱ्याला.

मालशांनी प्रस्तावनेत जी चरित्रपर माहिती दिली तिच्यातला मोठा भाग ताराबाईंच्या नात्यातल्या माणसांकडून आलेला आहे. घरजावई नवरा, मूलबाळ नसणं, भावांचं कुटुंब, ही त्या आठवणींची देणगी. अशा आठवणींना तुच्छ लेखायचं कारण नाही. कुठल्या सरकारी दप्तरात ‘नवरा घरजावई’ असा रकाना असतो? घरातल्या माणसांनाच ते ठाऊक, आणि एवढ्या एका तपशिलामुळे सासुरवास न भोगलेल्या, वडिलांच्या पुस्तकांत वाढलेल्या बाईची लेखणी थोडीफार उलगडते. पण आठवण ही आठवण म्हणूनच मांडायला हवी. मृत्यूनंतर सहा-साडेसहा दशकांनी पुतण्या-नातवंडांनी सांगितलेलं ‘आत्या तिखट होती’ हे वाक्य आणि १८८२च्या नोंदवहीतलं ‘किंमत नऊ आणे’ हे वाक्य एका तराजूत बसत नाही.

तिथेच १८५० आणि १९१० या सालांची गंमत आहे. दोन्ही आकडे गोल. माणसं दशकाच्या तोंडावर जन्मतात आणि दशकाच्या तोंडावर मरतात असं सहसा होत नाही. गोल साल दिसलं की त्याच्यापाशी पूर्वी ‘सुमारे’ असा शब्द असणार आणि तो वाटेत कुठेतरी गळून पडला असणार, असं धरून चालावं. ताराबाईंच्या बाबतीत तेच झालं. काळजीने लिहिणारे अभ्यासक आजही ‘सुमारे १८५०’ लिहितात. रोझलिंड ओ’हॅनलन यांनी १९९४मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद मोठ्या प्रस्तावनेसह काढला, तेव्हा त्यांनाही सुमारे म्हणूनच पुढे जावं लागलं. शाळेच्या पुस्तकात, पुरस्कारपत्रिकेत, जयंतीच्या फलकावर मात्र ‘सुमारे’ला जागा मिळत नाही. ‘सुमारे’ची जयंती कशी साजरी करणार?

आणखी एक फसवणूक अशी. ताराबाईंवर लिहिलेली दहा पुस्तकं समोर ठेवली आणि दहांतही तीच माहिती मिळाली, की माहिती दहा वेळा पडताळली गेली असं वाटू लागतं. गावभर नळ असले तरी विहीर एकच असू शकते. १९७५च्या प्रस्तावनेतून १९९१च्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ या इंग्रजी संकलनाच्या काळापर्यंत आणि तिथून पुढे असंख्य लेखांत तीच माहिती झिरपत गेली. म्हणून जाणकार संशोधक आधी किती ठिकाणी लिहिलंय हे मोजत नाही. प्रत्येकाने कुठून उचललं ते मागे मागे जात पाहतो. बहुतेक वेळा वाटा एकाच ओट्याशी येऊन मिळतात.

मग पुस्तकाच्या पोटातूनच काही मिळतं का? मिळतं, पण बेताने घ्यावं. ताराबाई ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांचे आणि ‘मनोरमा’ नाटकाचे दाखले देतात. हलबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची, चितळ्यांचं ‘मनोरमा’ १८७१चं. म्हणजे पुण्या-मुंबईत छापलेलं नवं वाङ्मय दहा-वीस वर्षांच्या आत बुलढाण्यातल्या एका घरात पोचत होतं आणि तिथली मुलगी ते वाचून त्यातल्या नायिकांची उलटतपासणी घेत होती. तिच्या वाचनाबद्दल, त्या घरातल्या फळीवरच्या पुस्तकांबद्दल हा अगदी पक्का पुरावा. बापूजींनी स्वतः १८७१मध्ये ‘हिंट टु द एज्युकेटेड नेटिव्ह्ज’ नावाचं पुस्तक काढलं होतं, तेही याला दुजोरा देतं. प्रस्तावनेत ताराबाई स्वतःला मराठमोळ्या घरात कोंडलेली, लिहिण्याची सवय नसलेली बाई म्हणवतात. यातलं कोंडलेपण खरं मानावं. अडाणीपण मात्र त्या काळच्या प्रस्तावनांचा विनय म्हणून सोडून द्यावं. पुढचं पाऊल घसरडं आहे. विधवांची बाजू इतक्या पोटतिडकीने मांडली त्या अर्थी त्या स्वतः तेव्हा विधवा असणार, नवऱ्यांवर इतका राग त्या अर्थी संसार सुखाचा नसणार, असे तर्क निबंधातून काढायला लागलं की चरित्राच्या जागी कादंबरी सुरू होते. वकिलाच्या युक्तिवादातून वकिलाची जन्मपत्रिका मांडत नाहीत.

नव्या पुराव्यासाठी कुठे जावं, हा खरा कष्टाचा भाग. पहिली चूक मुंबईला जाण्याची. पुस्तक पुण्यात छापलं, पण बाई वऱ्हाडातली. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या ताब्यात दिला, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले, आणि १९०३मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे बापूजींच्या कचेरीचे कागद नागपूरच्या, हैदराबादच्या नाहीतर दिल्लीच्या दप्तरांत शोधायचे. त्यातही हेड क्लार्क म्हणजे राजपत्रित अधिकारी नव्हे. साहेबांच्या नेमणुका-बदल्यांच्या छापील याद्यांत त्याला जागा नाही. त्याचं नाव सापडलंच तर एखाद्या अर्जावर, पेन्शनच्या प्रकरणात, नाहीतर सही-शिक्क्याखाली.

जन्ममृत्यूसाठी विदर्भात एक कागद फार मोलाचा: कोतवाल बुक. जातीचा दाखला काढायला तहसिलीच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही ‘कोतवाल बुकाची नक्कल’ हे शब्द पाठ असतात. गावच्या कोतवालाने जन्म आणि मृत्यू टिपलेली ही वही. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी; तान्ह्याचं नाव बहुतेकदा नसतंच, कारण बारशाआधी नोंद झालेली असते. ताराबाईंचा जन्म या नोंदींच्या काळाआधीचा. मृत्यू मात्र त्यांच्या काळात येतो. तो खेड्यात झाला असेल तर कोतवाल बुकात, गावाला नगरपालिका असेल तर तिच्या रजिस्टरात. शोधणाऱ्याने मात्र ‘शिंदे’ शोधू नये. शिंदे हे माहेरचं नाव. कारकुनाने बाईची नोंद नवऱ्याच्या नावाने आणि नवऱ्याच्या आडनावाने केलेली असण्याचा संभव अधिक, आणि सासरचं नाव ‘ताराबाई’ असेलच असंही नाही. साहित्यात अमर झालेलं नाव दप्तरात शोधून सापडत नाही, ते असं.

इंग्लंडमधल्या त्याच पिढीतल्या एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा शोध घ्यायचा असेल तर काम सोपं आहे. तिकडच्या १८८१च्या शिरगणतीत घराघरातल्या माणसांची नावं, वयं, जन्मगावं नोंदवलेली आहेत आणि ती पानं जपली गेली. आपल्याकडेही १८८१ साली शिरगणती झाली, घरोघर कागद भरले गेले. पण बेरजा होऊन तक्ते छापले गेले आणि माणसांच्या नावांचे मूळ कागद ठेवले गेले नाहीत. ताराबाई त्या वर्षी बुलढाण्याच्या लोकसंख्येत एक म्हणून मोजल्या गेल्या आहेत, एवढंच.

तीर्थक्षेत्रांच्या वह्या हा आणखी एक देशी मार्ग. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे कुळ आणि गाव यांच्या क्रमाने यजमानांच्या नामावळी असतात. आजोबा कधी आले, कुणाची अस्थी आणली, सोबत कोण होतं. घराण्याची वंशावळ लावायला त्या उपयोगी पडतात. मोडी वाचता यायला हवं, ही अट. ती अट अलीकडे अनपेक्षितपणे मोठी झाली: कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि महसुली दप्तरातले जुने रुमाल जिल्ह्याजिल्ह्यांत सोडले गेले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने वर्षानुवर्षं अर्ज करून जी गाठोडी उघडली नसती, ती आरक्षणाच्या निकडीने उघडली. कुठल्या कामासाठी उघडली याच्याशी इतिहासाला कर्तव्य नाही.

ताराबाईंच्या शेजारच्या दोन नावांची गत पाहिली की पडताळणीचा प्रश्न किती नाजूक आहे ते कळतं. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५च्या अंकांत छापला. तारखांसकट, अंकांसकट, छापील. आयुष्याबद्दल हाताशी जवळपास काही नसलं तरी लेखन निर्विवाद आहे, आणि म्हणून तिच्या अस्तित्वाबद्दल कुणी वाद घालत नाही. मिशनऱ्यांचं नियतकालिक होतं, त्यांना धर्मप्रसारासाठी अशा निबंधाचा उपयोग होता. पण निबंध त्यांच्यामुळे टिकला हेही तितकंच खरं.

फातिमा शेख यांचं उलटं झालं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं: आपण आजारपणामुळे इकडे, त्यामुळे तिच्यावर कामाचा ताण पडत असणार, पण ती कुरकुर करायची नाही, अशा आशयाचं. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात हे पत्र आहे. शाळेचं काम अंगावर घेणारी सहकारी, एवढं त्यातून सरळ दिसतं. पण एवढ्यावर लोकांचं समाधान होईना. हळूहळू तिला जन्मतारीख मिळाली, ९ जानेवारी १८३१. त्या तारखेमागे समकालीन कागद कुणी दाखवला नाही. तरी २०२२मध्ये त्याच दिवशी गूगलने आपल्या पानावर तिचं चित्र झळकवलं. मग जानेवारी २०२५मध्ये वारं फिरलं. एका पत्रकाराने जाहीर केलं की ही बाई कधी नव्हतीच, आपणच ती रचली. मोठा गजहब झाला. अभ्यासकांनी शांतपणे १८५६चं पत्र पुढे ठेवलं, जे या पत्रकाराच्या लेखणीच्या कितीतरी आधी पुस्तकात छापलेलं होतं.

यात गंमत अशी की जयंती करणारे आणि नाकारणारे, दोघांनीही एकच गोष्ट केली. पत्र वाचलं नाही. एका बाजूने पत्रात नसलेली तारीख चिकटवली, दुसऱ्याने तारीख खोटी म्हणून बाईच खोटी ठरवली. मधल्या काळात चार ओळींवर थांबून ‘इतकंच माहीत आहे’ म्हणणाऱ्यांची बाजू कुणी ऐकली नाही, कारण तिच्यात बातमी नव्हती. आणि जिथे तारखेच्या खोटेपणावरून माणूस खोटा ठरतो, तिथे हौसेने चिकटवलेली एक तारीख किती महागात पडते हेही तेव्हाच दिसलं.

छापील ग्रंथाच्या पाठीमागे मूळ हस्तलिखित पाहण्याची सवयही अशीच अंगवळणी पडावी लागते. वसईजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हा मराठीतला नेहमीचा दाखला, आणि यात ‘वसईजवळच्या’ हा शब्द मुद्दाम चुकीचा लिहिला आहे: वरसई रायगड जिल्ह्यात पेणजवळ आहे. नावाच्या साम्यावरून गाव हलवणं ही संदर्भग्रंथांतली नित्याची चूक, आणि एकदा छापली की ती पुढच्या चार पुस्तकांत जाते. तर या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापला, तो बराच बदलून. भटजींच्या हस्तलिखिताबरहुकूम पाठ लोकांपुढे यायला १९६६ साल उजाडलं; तो दत्तो वामन पोतदारांनी काढला. मधली एकोणसाठ वर्षं सत्तावनच्या बंडाचा प्रत्यक्षदर्शी म्हणून जे उद्धृत होत होतं, त्यात काही शब्द भटजींचे आणि काही वैद्यांचे होते.

ताराबाईंच्या बाबतीत पाठाचा हा घोळ नाही. मूळ छापील पुस्तक आहे, सरकारी नोंद आहे, फुल्यांचा उल्लेख आहे. तीन कागद, तीन वेगळ्या हेतूंनी लिहिलेले, एकमेकांना न विचारता. त्यांच्या जोरावर एवढं निःशंक म्हणता येतं: ताराबाई शिंदे नावाची बाई होती, ती वऱ्हाडातली होती, १८८२ साली तिने हे लिहिलं आणि तीन वर्षांनी ते वाचून लोक भांडत होते. बाकीचं घरच्यांच्या आठवणींचं.

आता परत ओलपाडला. जिच्यासाठी एवढं रामायण झालं ती विजयालक्ष्मी. तिने काही लिहिलं नाही, तिच्या बाजूने फुल्यांसारखा कुणी उभा राहिलेला दिसत नाही, तिची आठवण सांगायला पुतणे-नातवंडं पुढे आली नाहीत. तरी एका बाबतीत तिचे कागद ताराबाईंपेक्षा सरस आहेत. तिचं वय लिहिलेलं आहे: चोवीस वर्षं. ‘सुमारे’ नाही. कोर्टाला ते लिहिणं भाग होतं, कारण तिला फाशी द्यायची होती. बुलढाण्यात बसून तिची कैफियत मांडणाऱ्या बाईचं वय त्या वर्षी काय होतं, हे टिपून ठेवण्याची गरज मात्र कुणालाच पडली नाही.